नाव नोको, आवाज सांग

मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका ट्रकच्या पोटाखाली आडवे होते आणि तिथूनच ट्रकमालकाशी भांडत होते. भांडणाचं कारण ऐकून मी चक्रावले. मालकानं आपल्या ट्रकचा आवाज तोंडानं नीट काढून दाखवला नव्हता, एवढंच ते कारण होतं.

"सकाळी तू घूं-घूं म्हनला होता," खालून आवाज आला. "आता गूं-गूं म्हनून राहिला. दोनातला एक सांग."

मालक रायपूरकडचा, जाडजूड माणूस. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे भैया, गूं हो या घूं, क्या फर्क पड़ता है? बेरिंग गया है, बेरिंग बदल दो."

मिस्त्री सरपटत बाहेर आले. साठीचा वाळका माणूस, डोक्याला गमछा, कोपरापर्यंत ग्रीस. "बेरिंग गया है तो बेरिंगवाले के पास जाओ," ते शांतपणे म्हणाले, "मेरे पास आवाज लेके आओ." आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा पीत बसले. ट्रकमालक उन्हात उभा राहून बराच वेळ गूं आणि घूं पुटपुटत होता. हा माणूस वेडा असावा असं मला वाटलं. पुढे बरीच वर्षं मी त्यांना ओळखत होते, पण ते वेडे होते का शहाणे, याचा निकाल मला काही लावता आला नाही.

दोन हजार चार सालची ही गोष्ट. मी गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यावर डॉक्टर होते. घर त्याच जिल्ह्यातलं, सौंदडचं. वडील शाळेत मास्तर. नागपूरला डॉक्टरी शिकून परत आलेली आमच्या बुद्धविहाराच्या मोहल्ल्यातली पहिली मुलगी, त्यामुळे मला सगळं कळतं असा मोहल्ल्याचा समज होता आणि थोडाफार माझाही. संस्थेनं आम्हाला एक जुनी फोर-व्हील जीप दिली होती. मागचे बाक काढून तिथं स्ट्रेचर बसवलं होतं. ती चालवायचे टेंभरेभाऊ. पन्नाशीचे, पोवार समाजातले, घरी धानाची थोडी शेती, बोलणं अगदी कमी. जंगलातल्या गावांना जायला दुसरी गाडी नव्हती आणि त्या रस्त्यांवर ती गाडी नेणारा दुसरा माणूसही नव्हता.

त्या जीपच्या पुढच्या बाजूनं आवाज येऊ लागला. दसऱ्याच्या सुमारास सुरू झाला आणि वाढतच गेला. आधी बारीक गुरगुर, मग मध्येच कट्ट, मग पुन्हा गुरगुर. वळताना स्टेअरिंग जड व्हायचं आणि पायाखाली कोणीतरी ठोसा मारल्यासारखं वाटायचं. टेंभरेभाऊंनी गोंदियाच्या एका मोठ्या गॅरेजला गाडी नेली, पुढच्या चाकांचं बेअरिंग गेलं असेल म्हणून सांगितलं, आणि त्यांनी बेअरिंगं बदलून दिली. आवाज तसाच. पुन्हा नेली, तर त्यांनी पुढच्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलला. आवाज तसाच. तिसऱ्या वेळी तिथल्या लोकांनी गाडी आवारातल्या आवारात फिरवली आणि यात आवाजच नाही म्हणून परत पाठवली.

संस्थेचे सचिव गोंदियाला बसत. त्यांनी मला फोनवर बोलावून घेतलं. "डॉक्टर, आवाज गाडीत नाही, ड्रायव्हरच्या मनात आहे. त्याला आतल्या गावांत जायचं नाही, म्हणून हे नाटक. मी सोमवारपासून दुसरा माणूस बघतो."

आवाज मीही ऐकला होता. पण मला असंही वाटत होतं की पावसाळ्यापासून टेंभरेभाऊ खरोखरच आत जायला कुचरतात. नाला आला की त्यांच्या कपाळावर घाम दिसायचा. मग नाटकही असू शकेल. मी "बघते" म्हणून फोन ठेवला, आणि त्या दिवशी गुरुवार होता.

म्हणून मिस्त्री.

देवरीच्या बाहेर, रायपूर रस्त्याला लागून एक मोहाचं झाड होतं आणि त्याच्याखाली हे गॅरेज. पाटी नाही, शटर नाही. दगडांवर टेकवलेली एक लांब फळी होती आणि तिच्यावर बेअरिंगं, क्रॉस, पिनियन असे कितीतरी भाग पुसून, तेल लावून ओळीनं मांडलेले. विकायला असतील असं मी समजले.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "हे बेकसूर आहेत."

"म्हणजे?"

"दुसऱ्या गॅरेजवाल्यानं काढून फेकले. यायच्यात काहीच खराबी नोयती."

भंगाराच्या ढिगातून ते असे भाग उचलून आणायचे, हातात फिरवून बघायचे, कानाशी धरायचे आणि खोट सापडली नाही तर फळीवर ठेवायचे. दर रविवारी सगळ्यांना तेल. ते कधी कोणत्या गाडीला लावल्याचं मी पाहिलं नाही. कोणी मागितला तर देत नसत. का, ते विचारलं तर म्हणत, "त्याले आराम करू दे."

त्यांच्या आधीच्या आयुष्याबद्दल कोणाचंच एकमत नव्हतं, कारण ते प्रत्येकाला वेगळं सांगत. टेंभरेभाऊंना सांगितलं होतं की ते फौजेच्या वर्कशॉपमध्ये होते. टपरीवाल्याला सांगितलं होतं की छत्तीसगडच्या खाणीत डंपरवर होते. मला एकदा म्हणाले, "मी कंपाउंडर होतो." मी हसले आणि गंमत म्हणून दोन औषधं विचारली, कशावर देतात म्हणून. त्यांनी दोन्ही बरोबर सांगितली. आता काय समजायचं? बायको-मुलांचं विचारलं की, "तिलेच विचारजो." ती कोण, कुठं, हे मात्र सांगत नसत. आणि 'तुम्ही' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हताच. तहसीलदारालाही तू आणि मलाही तू.

त्या गुरुवारी आम्ही जीप झाडाखाली लावली. टेंभरेभाऊ उतरले आणि म्हणाले, "मिस्त्री, पुढचा डिफरन्शियल गेला वाटते."

मिस्त्रींनी हात वर केला. "नाव नोको, आवाज सांग."

"पुढून येते."

"कसा?"

टेंभरेभाऊ लाजले. पायाकडे बघू लागले. मिस्त्री माझ्याकडे वळले. "तू सांग, डॉक्टरीन. तूबी बसते ना गाडीत."

टपरीवर सात-आठ माणसं होती. मी आवाज बारीक करून "गुर्र... कट्ट" असं काहीतरी म्हणाले.

"जोऱ्यानं."

"गुर्रर्र... कट्ट! गुर्रर्र..."

टपरीवरची माणसं कपातून तोंड काढून बघत होती. मिस्त्री मात्र डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते. मग त्यांनी प्रश्न सुरू केले. कधीपासून? गाडी थंड असताना का तापल्यावर? चढावर का उतारावर? पाय ॲक्सिलेटरवर असताना का सोडल्यावर? डाव्या हाताला वळताना का उजव्या? डांबरावर का मातीत? पहिल्यांदा आला तेव्हा गाडी कुठं होती? अर्धा तास ते विचारत होते आणि त्यांनी गाडीला हातही लावला नव्हता. मी तिथं उभी राहून खजील झाले. मला मेडिकलला हेच शिकवलं होतं आणि सकाळच्या ओपीडीत मी एका म्हातारीला दोन मिनिटांत वाटेला लावून आले होते.

मग ते गाडीत बसले. पुढच्या सीटवर, पण तोंड मागे करून, सीटच्या पाठीला छाती टेकवून. दातात एक लांब स्क्रूड्रायव्हर, त्याचं दुसरं टोक गाडीच्या फरशीवर, आवाज हाडांतून ऐकायला. टेंभरेभाऊ चालवत होते, मी मागे स्ट्रेचरवर. रायपूर रस्त्यानं चार-पाच किलोमीटर गेलो असू. आवाज आला, चांगला खणखणीत आला. मिस्त्रींनी एकदा खाली, टेंभरेभाऊंच्या डाव्या हाताकडे पाहिलं, एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"काय आहे?" परत आल्यावर मी विचारलं.

"अजून तं गाडी आहे," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा शाफ्टच काढून ठेवला आणि म्हणाले, आता फिरून या. फिरून आलो. आवाज बंद. मला केवढा आनंद झाला! "म्हणजे बिघाड पुढेच आहे," मी म्हणाले.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "म्हंजे पुढचा बेकसूर दिसते."

मला काही कळेना. पुढचं काढल्यावर आवाज जातो आणि तरी पुढचं बेकसूर? टेंभरेभाऊंकडे पाहिलं तर त्यांनाही कळलेलं नव्हतं.

शुक्रवारी शाफ्ट परत बसवला. जीपची चारही चाकं लाकडी ठोकळ्यांवर अधांतरी उचलली आणि गाडी गिअरमध्ये चालू केली. चारही चाकं हवेत गरगर फिरू लागली. मिस्त्री खाली शिरून एकेका भागाला स्क्रूड्रायव्हर लावून, त्याची मूठ दातात धरून ऐकत होते. आवाज नाही. दुपारी जीप नदीच्या पात्रात, वाळूत नेली. आवाज नाही. रस्त्यावर आणली. कट्ट! मिस्त्री खूश होऊन मान डोलावू लागले, जणू गाण्यात समेवर आलो होतो. मग त्यांनी सुतळी घेतली, पुढच्या चाकाभोवती गुंडाळली, गाठ मारली. मग मागच्या चाकाभोवती. मागची सुतळी तीन बोटं जास्त भरली.

"मागचे टायर कधी टाकले?"

"दसऱ्याले," टेंभरेभाऊ म्हणाले. "संस्थेनं नवे देल्ले. पुढे जुनेच आहेत."

म्हणजे टायर! मी म्हटलं, सुटलो. सचिवांना आत्ताच फोन करते. मिस्त्री म्हणाले, "उद्या." मी म्हटलं, उद्या शनिवार, परवा रविवार, सोमवारी त्यांची नोकरी जाते आहे. मिस्त्रींनी पुन्हा तेच म्हटलं, "उद्या ये," आणि हात धुवायला निघून गेले. मला इतका राग आला की मी टेंभरेभाऊंनाच बोलले, कुठल्या माणसाकडे आणलंत म्हणून. ते सुतळी गुंडाळत राहिले.

शनिवारी भर दुपारी मिस्त्रींनी आम्हाला रस्त्याच्या एका मोकळ्या, सरळ पट्ट्यावर नेलं. जीप थांबवायला सांगितली. मग अगदी सहज म्हणाले, "टेंभरे, उतर. पुढच्या चाकाचे हब खोल. अना हा लिव्हर मागं घे."

इथं मला गाडीबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात, ज्या मला स्वतःलाच त्या दिवशी कळल्या. आमची जीप नेहमी मागच्या दोन चाकांवर चालायला हवी होती. चिखल किंवा नाला आला की उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरच्या चकत्या हातानं फिरवायच्या, त्याला हब लावणं म्हणतात, आणि मग आतला छोटा लिव्हर पुढे ढकलायचा. की चारही चाकं ओढू लागतात. पक्क्या रस्त्यावर आलं की हे सगळं पुन्हा सोडवायचं. टेंभरेभाऊ ते सोडवत नव्हते. कितीतरी महिने गाडी चारही चाकांवर डांबरावरून पळत होती. लिव्हरच्या मुठीवरच्या खुणा झिजून गेलेल्या, त्यामुळे नुसतं बघून कोणाला कळलं नसतं. फक्त मिस्त्रींना कळलं होतं, पहिल्याच दिवशी.

टेंभरेभाऊ जागचे हलले नाहीत. त्यांचा हात लिव्हरवर होता.

"होत नाही, मिस्त्री."

"काऊन?"

"होत नाही म्हनलो ना."

"बाई आहे म्हनून सांगत नाही का? बाई जाते तिकडे."

"नाही," टेंभरेभाऊ म्हणाले. "मॅडमले मालूम आहे."

"मला काय मालूम आहे?" मी विचारलं.

ते माझ्याकडे न बघता समोरच्या काचेकडे बघत बोलू लागले. श्रावणातला तो दिवस. नाल्यापलीकडच्या गावातून आम्ही एका बाळंतिणीला आणत होतो. गाडी नाल्यात उतरली आणि मध्येच रुतली. पाण्यात उतरून हब लावायला गेले तर पुढचं डावं चाक गाळात, त्याची चकती हाताला लागेना. गावातून बैल आणून गाडी ओढून काढेपर्यंत दोन तास गेले. बाई वाचली. बाळ गेलं.

"मॅडम म्हनल्या होत्या," टेंभरेभाऊ म्हणाले, "चार चाकात अगोदर काऊन नाही टाकली म्हनून. त्या दिवसापासून मी काढलीच नाही."

रस्त्यावरून एक एसटी गेली. तो नाला मला आठवत होता. बैलांची शिंगं आठवत होती, ओली चादर आठवत होती, त्या बाईच्या सासूनं माझा हात किती घट्ट धरला होता ते आठवत होतं. हे वाक्य आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण टेंभरेभाऊ खोटं बोलणारे नव्हते, आणि तशा वेळी मी काय बोलू शकते हे मला चांगलं माहीत आहे. मी ते बोलून विसरले होते आणि हा माणूस ते हातात धरून महिनोन्महिने गाडी चालवत होता.

मिस्त्रींनी ना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, ना मला काही म्हटलं. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. परवाच्यासारखेच, त्याच आवाजात.

"पानी किती होता?"

"गुडघ्याच्या वर."

"पहिले कोनता चाक फसला?"

"मागचा डावा."

"अना पुढचा?"

टेंभरेभाऊंनी डोळे मिटले. "पुढचा डावाबी गेला. लगेच."

"उजवे?"

"उजवे गोट्यावर होते. मागचा फिरून राहिला होता रिकामा."

"गाळ किती?"

"हात घातला तं कोपरापर्यंत."

मिस्त्रींनी तळहातावर बोटानं चार टिंबं काढली. मग म्हणाले, "दोनी डावे गाळात. मंग चार चाकातबी नसती निंगाली. उजवे पुढचे मागचे दोनी रिकामे फिरले असते. बैलच लागले असते."

"खरंच?"

"मी आवाजाले खोटा बोलत नाही."

हे उत्तर होतं का, मला कळलं नाही. टेंभरेभाऊंना मात्र काहीतरी कळलं असावं. ते हळूच उतरले. पुढच्या उजव्या चाकापाशी वाकले, चकती फिरवली. मग डाव्या चाकापाशी गेले. तिथं ते जरा जास्त वेळ बसून राहिले. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं नाही. परत येऊन त्यांनी लिव्हर मागे घेतला आणि गाडी चालू केली. आठ किलोमीटर गेलो, आठ किलोमीटर आलो. स्टेअरिंग हलकं झालं होतं. पुढून कसलाही आवाज नव्हता.

येताना मिस्त्रींनी मला समजावून सांगितलं. "मागच्या चाकाचा पाऊल लांब, पुढच्याचा आखूड. दोघाले एका दावणीत बांधलं. मातीवर घसरते, जमवून घेते. डांबरावर घसरता येत नाही. मधात तान येते. तान सुटला का कट्ट. शाफ्ट काढला तरी पुढचे दाते फिरून राहिले होते, आवाज गेला. भांडन मधात आहे, आवाज पुढून येते."

वाटेत मी टेंभरेभाऊंना म्हणाले, "भाऊ, मी तसं बोलायला नको होतं." वाक्य फार तोकडं झालं. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, तुमीबी घाबरल्या होत्या." तोवर मला वाटत होतं की त्या दिवशी मी अजिबात घाबरले नव्हते.

सचिवांना द्यायला मिस्त्रींनी एका कागदावर तीन शब्द लिहून दिले: मागचे टायर मोठे. लिव्हरबद्दल अक्षर नाही. सचिवांनी पुढचे टायरही बदलून दिले आणि दुसऱ्या ड्रायव्हरचा विषय पुन्हा काढला नाही. कागद खोटा नव्हता. पुरा खराही नव्हता. मी तो मुकाट्यानं पोचता केला.

नंतर एकदा मी मिस्त्रींना धरलंच. "पहिल्या दिवशी तुम्हाला लिव्हर दिसला होता. मग तीन दिवस कशाला लावले? शाफ्ट काढला, ठोकळे लावले, वाळूत नेलं."

"मले मालूम होता," ते म्हणाले. "त्याले मालूम नोयता."

"त्यांना तर माहीत होतं ना, लिव्हर पुढे आहे म्हणून."

"लिव्हर मालूम होता," मिस्त्री म्हणाले, आणि फळीवरच्या बेअरिंगांना तेल लावू लागले.

"आणि ते गाळाचं? चार चाकांत असती तरी खरंच निघाली नसती?"

"तुले काय वाटते?"

मला काय वाटतं ते मला कधीच ठरवता आलं नाही. पुढे मी दोन-तीन जाणत्या माणसांना विचारलं. एक म्हणाला, मिस्त्रीचं बरोबर आहे. दुसरा म्हणाला, निघाली असती, आरामात. तिसऱ्यानं उलट मलाच विचारलं की नाल्यात गाडी घातलीच कशाला.

त्यानंतर काही वर्षांनी मिस्त्री स्वतः माझ्या दवाखान्यात आले. रांगेत बसून, नंबरानं. डाव्या कानात आवाज येऊन राहिला म्हणाले. मी सवयीनं विचारलं, "कसा आवाज?" त्यांनी तोंड उघडलं. ओठ वेगवेगळे केले, जीभ टाळ्याला लावली, श्वास आत घेतला. काहीच जमेना. बरोबर पाच मिनिटं तो माणूस माझ्यासमोर बसून आवाज शोधत होता आणि त्याला तो सापडत नव्हता. त्यांचा चेहरा असा गोंधळलेला मी तेव्हाच पाहिला. मी कान तपासला, त्यात काही दिसलं नाही. गोंदियाला कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. ते गेले नाहीत. महिन्यानं रस्त्यात भेटले तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, "आहे. राहू दे. त्याले जावाले कोठी जागा नाही."

मी दोन हजार दहाच्या पुढे देवरी सोडली. मग एकदा कामानं त्या बाजूला गेले तर रस्ता रुंद झाला होता आणि मोहाचं झाड नव्हतं. टपरी तीन दुकानं पलीकडे सरकली होती. टपरीवाला म्हणाला, मिस्त्री राजनांदगावला मुलीकडे गेले. पंक्चरवाला म्हणाला, त्यांना मुलगी नव्हती, ते वारले. तिसरा म्हणाला, मागच्याच महिन्यात कचारगडच्या जत्रेत दिसले होते, कोणाच्या तरी बंद पडलेल्या गाडीपाशी. तिघेही खात्रीनं सांगत होते. मी तिघांनाही हो म्हटलं.

पण मिस्त्री म्हटले की मला या सगळ्यापेक्षा त्या आवाजाच्या पुढच्या पावसाळ्यातला एक दिवस आठवतो.

तोच नाला. मागे स्ट्रेचरवर एक पहिलटकरीण, आदल्या रात्रीपासून कळा देत असलेली, आणि तिची सासू. नाल्याला पाणी चढत होतं. टेंभरेभाऊंनी काठावर गाडी थांबवली. पावसात उतरले, उजवं चाक, मग डावं चाक, हब लावले. आत येऊन लिव्हर पुढे ढकलला. मग पाण्याकडे थोडा वेळ बघत बसले. गाडी उतरली, मध्ये एकदा डुलली, इंजिनचा सूर खाली गेला आणि पुन्हा वर आला. आम्ही पलीकडे चढलो.

पुढे दोन किलोमीटर चिखल, मग डांबर लागलं. डांबर लागताच टेंभरेभाऊंनी पुन्हा गाडी थांबवली.

"काऊन थांबले जी?" सासू ओरडली. "पोरगी मरून राहिली ना माझी!"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. काय होतं ते आता सांगत नाही. मी ते दातांखाली धरून ठेवलं. टेंभरेभाऊ पुन्हा पावसात उतरले, दोन्ही चाकांचे हब सोडवले. अर्धं मिनिट लागलं असेल. पण मागे ती मुलगी कण्हत असताना अर्धं मिनिट केवढं असतं ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी आत येऊन लिव्हर मागे घेतला, ओल्या हातानं तोंड पुसलं आणि गाडी पळवली. पक्का रस्ता होता, हलकं स्टेअरिंग होतं. त्यांनी गाडी अशी काही नेली की मी दोन्ही हातांनी स्ट्रेचर धरून ठेवलं होतं. देवरीच्या दवाखान्यात पोचल्यावर चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. रडायला थोडा वेळ लावला, मग सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी मी ओपीडी लवकर आटपली आणि मिस्त्रींकडे गेले. ते रॉकेलच्या डब्यात गिअरचे दाते धूत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मिस्त्री, काल आम्ही नाला पार केला."

ते धूत राहिले.

"टेंभरेभाऊंनी आधी हब लावले, मग डांबरावर येऊन काढलेसुद्धा. मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत."

"आवाज आला का?"

"कोणाचा? मुलीचा?"

"गाडीचा."

"नाही. बिलकुल नाही."

मिस्त्रींनी हातातला गिअर उन्हात धरला, फिरवून पाहिला आणि कापडावर ठेवला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"मंग कायले आली?"

मी बाजूच्या जुन्या टायरवर बसले आणि टपरीवाल्याला दोन चहा सांगितले.